लिंबाजीने जिन्याचा कोन काढला

कृष्णेच्या काठी एका वाडीत एक सुतार राहायचा. नाव लिंबाजी. हात चांगला होता, पण भोळा इतका, की सांगितलेला शब्द तो जसाच्या तसा उचलायचा आणि तसाच कामाला लावायचा.

त्या वाडीत हैबतरावांनी घरावर नवी माडी बांधली. त्यांच्या लेकीला, शेवंताला बघायला बाजाराच्या दिवशी पाहुणे येणार होते. पाहुण्यांना माडीवर बसवायचं, असं हैबतरावांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. माडी झाली. जिना राहिला.

जिन्याचं काम लिंबाजीच्या मामांचं. मामा म्हणजे नारू मेस्त्री. पण त्यांच्या कमरेत उसण भरली होती. ते खाटेवर पालथे पडूनच म्हणाले, "लिंबाजी, जिना तूच कर. आधी कोन काढ. कोन काढल्याबिगर लाकडाला हात लावू नको."

"बरं मामा," लिंबाजी म्हणाला आणि पहार घेऊन निघाला.

थोड्या वेळाने हैबतराव धापा टाकत बाहेर आले. घराच्या कोपऱ्यातून धूळ उडत होती. लिंबाजी भिंतीत पहार घालत होता.

"अरे, काय चाललंय?"

"कोन काढतोय. हा निघाला. अजून तीन आहेत."

हैबतरावांनी पहार हिसकावली. लिंबाजी मामांकडे गेला.

मामा उशीत तोंड खुपसून ओरडले, "आरं, कोन काढायचा म्हंजे मोजायचा! भिंतीला हात लावू नको. माडीच्या कडेपासनं खाली दोरी ताण. दोरी जशी तिरकी दिसंल, तसा जिना. खालचं टोक लांब नेलंस तर जिना सोपा, जवळ आणलंस तर उभा. आणि ते टोक चांगल्या दणकट गोष्टीला बांध."

"बरं मामा."

लिंबाजीने माडीच्या कठड्याला दोरी बांधली. मग दणकट गोष्ट शोधली. अंगणात हैबतरावांची म्हैस उभी होती. तिच्याइतकं दणकट त्या घरात दुसरं काही नव्हतं. हैबतरावही नव्हते.

दोरी छान ताणली गेली. लिंबाजी एक डोळा मिटून कोन बघू लागला. म्हैस पुढे सरकली, जिना सोपा झाला. म्हैस मागे आली, जिना उभा झाला. लिंबाजी मान डोलवत राहिला. मग म्हैस चालायला लागली. कठडा कडाडला, खाली आला आणि म्हशीमागून फरफटत वेशीकडे गेला.

हैबतराव धावत आले. "दोरी कुठाय? कोन काढलास का?"

"काढला होता," लिंबाजी म्हणाला. "तो नदीवर पाणी प्यायला गेलाय."

पुन्हा मामांची खाट.

"आरं माझ्या कर्मा!" मामा कण्हले. "जनावराला बांधतात का? जे जागचं हलत न्हाई, त्याला बांध!"

"बरं मामा."

हैबतरावांच्या आई, जनाक्का, ओसरीवर पाय पसरून बसलेल्या होत्या.

"आक्का, तुम्ही हलता का हो?"

"कुठली हलतेय बाबा! गुडघे गेले. सकाळी बसवलं की इथंच."

लिंबाजी खूश झाला. त्याने माडीच्या खांबाला दुसरी दोरी बांधली आणि तिचं खालचं टोक जनाक्कांच्या कमरेला बांधलं. कोन इतका सुरेख आला, की तो मागे होऊन बघत राहिला. इतक्यात पलीकडच्या आळीतून हाळी आली, "बोंबील घ्या, सुके बोंबील!" आणि जनाक्का उठल्या. गुडघे गेलेल्या जनाक्का फाटकापर्यंत पोचल्या, तिथं दोरी संपली आणि त्या बदकन बसल्या.

"मेल्या, मला काय शेळी समजलास?" त्या तिथूनच ओरडल्या. बोंबीलवाली पुढे निघून गेली, याचा राग वेगळाच.

आता मामा उशीवरून मान वर करून म्हणाले, "लिंबाजी, नीट ऐक. माणूस तोंडानं बोलतं ना? मग ते काय म्हणतंय ते ऐकावं. म्हणेल तसं लगीच करावं. उलटं विचारू नये. आणि आता कशालाच हात लावू नको. माझी खाट उचला!"

चौघांनी मामांना खाटेसकट हैबतरावांच्या अंगणात आणलं. मामांनी पडल्या पडल्या जमिनीत खुंटी ठोकायला लावली, दोरी ताणायला लावली, कोन मोजला. तुळशीवृंदावन आडवं येत होतं, म्हणून दोरी जरा जवळ घ्यावी लागली. जिना थोडा उभा झाला, पण झाला. बाजाराच्या दिवशी सकाळी लिंबाजीने शेवटचा खिळा ठोकला. हैबतरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पाहुणे आले. माडीवर चढले. पोहे झाले, चहा झाला. शेवंताने मुलाकडे बघितलं, मुलाने शेवंताकडे बघितलं, दोघंही लाजली. मुलाचे मामा तात्यासाहेब, चांगले भरदार गृहस्थ, म्हणाले, "आम्हाला पसंत आहे." पेढे वाटले. हैबतराव, जनाक्का धरून सगळं घर वरतीच होतं. जनाक्कांना तर दोघांनी धरून वर नेलं होतं.

मग पाहुणे निघाले. तात्यासाहेबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, खाली बघितलं आणि पाय मागे घेतला.

"छे छे! फार उभा आहे हो जिना. कोण आहे रे खाली? हा जरा आडवा करा!"

खाली लिंबाजी होता. माणूस बोललं होतं. त्याने उलटं विचारलं नाही. हातोडी घेतली, पटापट खिळे उपटले आणि खाट उचलणाऱ्या चौघांना हाक मारली.

वर तात्यासाहेब मिशा पुसून पुन्हा दाराशी आले. समोर नुसतं आभाळ होतं.

"हैबतराव, जिना?"

हैबतरावांनी खाली वाकून बघितलं. "लिंबाजी! जिना कुठं नेलास?"

"हा काय, इथंच आहे. आडवा केलाय." जिना अंगणभर पसरला होता, आणि लिंबाजी त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मजेत चालत होता.

"अरे गाढवा, आता आम्ही उतरायचं कसं?"

लिंबाजीला त्यांचं हसूच आलं.

"तुम्ही आधी सगळे खाली तर या," तो म्हणाला, "मग बघा, उतरायला किती सोपा झालाय!"