लोकरोबा यायचाय अजून

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात एक वृद्ध लेखक राहत होते. आयुष्यभर त्यांनी मुलांसाठीच लिहिले, मोठ्यांसाठी एक ओळही लिहिली नाही. मोठी माणसे वाचताना घड्याळ बघतात, असे त्यांचे मत होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. वय पंच्याऐंशी, नजर अधू, आणि छाती अशी की तीन पायऱ्या चढले तर चौथीवर बसावे लागे. गेली सहा वर्षे त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्यांचा एक शिष्य होता. विद्वान, निष्ठावान आणि थोडा हेकट. गुणी माणसांत एवढा दोष चालायचाच म्हणा!

गुरुजींच्या एका पुस्तकाने एके काळी घराघरांतल्या पोरांना वेड लावले होते. त्यात लोकरोबा नावाचे एक अस्वल होते. कडाक्याच्या थंडीत ते गडाच्या दाराशी येते आणि म्हणते, "मला आत घ्या हो, मी कुणाला गुदगुल्या करणार नाही." गडावरची माणसे घाबरून दार लावून घेतात. लोकरोबा धुक्यात चालू लागतो. 'मग तो कुणालाच दिसला नाही,' या वाक्यावर पुस्तक संपे. या गोष्टीला पन्नास वर्षे झाली. आता त्या पुस्तकाची एकही प्रत बाजारात मिळत नव्हती, आणि गुरुजींचे नाव नव्या पिढीला ठाऊक नव्हते.

हे शल्य शिष्याच्या मनात सलत होते. त्याने तीन वर्षे खपून जुन्या चारही आवृत्त्या ताडून पाहिल्या, एकेक काना-मात्रा तपासली आणि पुस्तकाची शुद्ध प्रत सिद्ध केली. एक प्रकाशकही मिळाला. भाऊबीजेच्या संध्याकाळी तो स्वतः येऊन हस्तलिखित नेणार होता. तो दिवस चुकला तर त्याला दुसरी कामे होती. इकडे डॉक्टरांनी शिष्याला बाजूला घेऊन सांगितले होते, "पुढची दिवाळी धरून चालू नका." पुस्तक निघायचे तर आत्ताच, हे शिष्याला कळून चुकले होते.

आणि नेमके तिथेच घोडे पेंड खात होते. गुरुजींनी सगळी पाने ऐकली, मान डोलावली. शेवटचे पान मात्र शिष्याच्या हातातून काढून घेतले आणि उशीखाली सारले.

"हे जायचं नाही," ते म्हणाले.

"का, गुरुजी?"

"अजून झालेलं नाही ते."

"अहो, पन्नास वर्षांपूर्वी छापून आलंय!"

"छापून आलं म्हणजे झालं का?"

शिष्याने विनवण्या केल्या, रुसून पाहिले, एक वेळ जेवलासुद्धा नाही. गुरुजी ढिम्म.

पाडव्याच्या सकाळी शिष्य औषध आणायला बाजारात गेला. कोपऱ्यावर हौसाबाई कुंभारीण किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रे विकत बसली होती. मावळे, तोफा, भाजीवाली, गुहेतला वाघ, आणि पुढच्या रांगेत एक अस्वल, डोक्याला लाल फेटा बांधलेले. पुस्तकांतून कधी डोके वर न काढलेल्या शिष्याचे पाय जागीच थांबले.

"बाई, हे काय?"

"लोकरोबा. घ्या की, शेवटची चारच राहिलीत."

"त्याला फेटा कुणी सांगितला? लोकरोबा बोडका आहे!"

"थंडीचा यायचा तो. डोक्याला काही नको व्हय?"

"अहो, पण तो कुणाचा आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? कुणी निर्माण केला?"

हौसाबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "माझी सासू करायची, आता मी करते. कुणाचा म्हणजे? लोकरोबा हाय तो. तुम्ही सणासुदीचं गिऱ्हाइकाला आडवं येऊ नका, दादा."

शिष्य तणतणत पुढे निघाला. शेजारच्या गल्लीत शर्वरी नावाची नऊ वर्षांची मुलगी आपल्या किल्ल्यावर पाणी शिंपडत होती. अळिवाचे रान छान तरारले होते. पायथ्यापासून वर पायऱ्या गेल्या होत्या, वरून दुसऱ्या पायरीवर फेटेवाला लोकरोबा उभा होता, आणि गडाचे पुठ्ठ्याचे दार सताड उघडे होते.

"दार उघडं का गं?" शिष्याने विचारले.

"लोकरोबा यायचाय अजून," शर्वरी म्हणाली. "रोज एक पायरी चढतो. भाऊबीजेला आत येतो. तोपर्यंत दार लावायचं नसतं."

शुद्ध प्रतीसाठी तीन वर्षे खपलेल्या माणसाला हे कसे सोसावे? त्याने वाकून लोकरोबाला उचलले, पाठमोरा करून अळिवाच्या रानात ठेवला आणि गडाचे दार दाबून लावले. काडेपेटीच्या काडीची बिजागरी कट्कन मोडली.

"ओ काका! मोडलंत ना!"

"बाळ, पुस्तकात असंच आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

या प्रश्नाने शिष्याच्या काळजात कळ उठली.

"माझी आईपण असंच करायची, दार उघडं ठेवून," शर्वरीचे डोळे भरून आले. "उद्या भाऊबीज आहे. आता तो कसा येणार?" आणि तिने भोकाड पसरले. आतून तिचे वडील बाहेर आले. त्यांनी मोडलेले दार पाहिले, मग शिष्याकडे पाहिले. "शिकलेले दिसता," एवढेच ते म्हणाले. शिष्याने खाली मान घालून घरचा रस्ता धरला.

घरी येताच त्याचा बांध फुटला. "गुरुजी, सत्यानाश झालाय! अस्वलाला फेटा बांधलाय त्या बाईने! आणि पोरं तर काय, त्याला आत घेतात. दार उघडं ठेवतात! तुमचं नाव तर कुणाच्या गावीही नाही."

गुरुजींच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. "काय म्हणालास? आत घेतात?"

"हो ना! सर्रास!"

"लोकरोबाला?"

"त्यालाच. भाऊबीजेच्या दिवशी. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय म्हणे हे."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या मला तिथं घेऊन चल."

"अहो, तुमची छाती! डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरांनी पुस्तक लिहिलंय का? उद्या निघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या सूनबाईंनी कुरकुरत गुरुजींना कोट चढवला. त्यांनी उशीखालचे पान काढून खिशात ठेवले. नाक्यावर ओवाळणीला निघालेल्या माणसांनी भरलेली सहा आसनी रिक्षा मिळाली. गाडी सुटणार एवढ्यात मागून एक म्हातारी पिशवी सावरत धापा टाकत येताना दिसली. आतला एकजण ओरडला, "चला हो, उशीर होतोय!"

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "दम धरा की राव. लोकरोबा यायचाय अजून."

सगळे हसले, सरकून बसले आणि म्हातारीला जागा झाली. हे वाक्य शिष्याने आयुष्यात शंभरदा ऐकले असेल. पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी पान राखताना, रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी दाराची कडी काढून ठेवताना, त्याची आईसुद्धा हेच म्हणे. पण ते वाक्य पुस्तकात नव्हते, म्हणून त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. आता त्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी डोळे मिटून ते वाक्य स्वतःशी पुटपुटत होते.

शर्वरीने शिष्याला पाहताच किल्ल्यापुढे हात पसरले. "तुम्ही लांब उभे राहा, काका."

"बरोबर आहे तिचं. उभा राहा लांब," गुरुजी म्हणाले आणि तिने आणलेल्या स्टुलावर टेकले. "दार दुरुस्त झालं का, बाळ?"

"नाही ना, आजोबा. बाबांनी चिकटवलंय, पण वारा आला की आपोआप बंद होतंय. सारखं हाताने धरून ठेवायला लागतंय."

गुरुजींनी खिशातून ते पान काढले. चाचपत त्याची घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली, चांगली जाड पाचर केली आणि दाराखाली घट्ट सरकवली. दार उघडे राहिले.

"गुरुजी!" शिष्य कळवळला. "ते शेवटचं पान आहे!"

"माहीत आहे रे मला."

शर्वरीने दार हलवून पाहिले. हलले नाही. तिचा चेहरा उजळला. तिने लोकरोबाला उचलले आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवले. "आजोबा, आज तुम्हीच ठेवा. पाहुणा आला तर त्याच्या हातून ठेवायचं असतं."

"मला नीट दिसत नाही गं."

"मी धरते ना तुमचा हात."

नऊ वर्षांच्या हाताने पंच्याऐंशी वर्षांचा हात धरला. मातीचे अस्वल शेवटची पायरी चढले, दारातून आत गेले आणि निशाणाशेजारी जाऊन बसले. "आला!" शर्वरी ओरडली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी मात्र हुंदके देऊन रडू लागले, सगळ्यांसमोर, कसलीही लाज न बाळगता.

"काय झालं, आजोबा? तुम्हाला ठाऊक होती लोकरोबाची गोष्ट?"

शिष्य सांगायला पुढे झाला, तसा गुरुजींनी त्याचा हात दाबला. "ऐकली होती गं, फार पूर्वी. शेवट ठाऊक नव्हता."

परतताना पारावर टेकून गुरुजी शिष्याला म्हणाले, "तुझा राग मला समजतो. पण ऐक. हे पुस्तक लिहिलं त्या वर्षी माझा धाकटा भाऊ भांडून घराबाहेर गेला. अपरात्री परत आला, दार ठोठावलं. वडील म्हणाले, लाव दार. कडी मी घातली. तो पुन्हा आला नाही. मी जे केलं तेच लिहिलं. पुस्तक निघाल्यावर एका मुलीचं पोस्टकार्ड आलं. 'दार तुम्हीच लावलंत ना? मग तुम्हीच उघडा.' पन्नास वर्षं मला तिला उत्तर देता आलं नाही. माझा भाऊ आला नाही, ते आजही खरंच आहे. पण पोरं माझ्यासाठी थांबली नाहीत रे. त्यांनी दार उघडून टाकलं, आणि माझ्या एका दाराच्या बदल्यात गावभर दारं उघडी ठेवली. माझं नाव विसरली, ते बरंच झालं. नाव लक्षात राहिलं असतं तर तुझ्यासारखीच भीतभीत वागली असती. तू चार आवृत्त्या ताडून पाहिल्यास. पाचवी इथं मातीत होती."

तीन वर्षांचे ओझे उतरल्यासारखे शिष्याला वाटले, आणि नवल म्हणजे वाईट वाटले नाही.

संध्याकाळ झाली. ओवाळणी उरकली, तरी प्रकाशकाचा पत्ता नव्हता. बाहेर गारठा पडू लागला. सूनबाई म्हणाल्या, "दार लोटून घेते हं, बाबांना थंडी बाधेल."

"राहू द्या, वहिनी," शिष्य सहज बोलून गेला, "लोकरोबा यायचाय अजून."

त्यावर गुरुजी असे खदखदून हसले की सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. एवढ्यात प्रकाशक दारात उभा राहिला आणि सगळे हसताहेत म्हणून तोही हसला. त्याने पाने मोजली. "गुरुजी, शेवटचं पान दिसत नाही."

"आहे ना. लिहून घे रे," गुरुजी शिष्याला म्हणाले. "त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. तिचा पत्ता आता बदलला असेल, पण पुस्तक पोहोचेल तिच्यापर्यंत."

शिष्याने कोरा कागद ओढला. गुरुजींनी दोनच शब्द सांगितले, आणि कुठल्या आवृत्तीत आहेत हे न विचारता शिष्याने ते वळणदार अक्षरात लिहिले:

'तो पोहोचला.'