काठोकाठ भरलेली रिकामी कुंडी

“उद्या सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं!” प्रतापभान राजा कडाडला, आणि म्हाताऱ्या रघूजी माळ्याच्या पायांखालची जमीनच सरकली.

राजाच्या लेकीनं सासरहून अनंताची तीन रोपं धाडली होती. दोन कुंडीतच कुजली, तिसरं पिवळं पडलं, आणि लेक तर महिन्याभरात माहेरपणाला येणार! खरं तर चूक राजाचीच. प्रेमापोटी तो रोज सकाळी स्वतः येऊन कुंडीत काळी माती मुठीनं ठासायचा, वर दोन तांबे पाणी ओतायचा. पण राजाला हे सांगणार कोण?

सांगितलं रघूजीच्या मुलीनं, राहीनं. “महाराज, रोपं उपाशी नाही मेली, गुदमरून मेली! त्यांना अर्धी रिकामी कुंडी हवी होती.”

“रिकामी?” राजा भडकला. “माझ्या वाड्यात रिकामं भांडं ठेवत नाहीत, अपशकुन होतो! कुंडी काठोकाठ भरलेलीच हवी. तुला अर्धी रिकामी हवी ना? मग दोन्ही एकदम करून दाखव! महिन्याभरात जमलं नाही, तर बापलेक दोघंही गावाबाहेर!”

दरबारी फिदीफिदी हसले. राही म्हणाली, “जशी आज्ञा!” आणि पिवळं रोप उचलून सरळ नदीवर गेली.

महिन्यानं ती कुंडी घेऊन आली. रोपाला हिरवीगार पालवी, वर एक कळीसुद्धा! पण कुंडीत काय, तर जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे, भाताचं तूस आणि थोडंसं शेणखत.

“वाळूत कधी काही उगवतं का गं?” राजा ओरडला.

“नदीच्या वाळूतली कलिंगडं महाराजांना फार आवडतात, असं ऐकलंय.”

राजानं मिशीवरून हात फिरवला. “बरं, बरं! कुंडी तर भरलेली दिसते. रिकामी कुठं आहे?”

राहीनं कुंडीच्या बुडाचं भोक चिकणमातीच्या गोळ्यानं बुजवलं. “महाराज, यात अजून मूठभर वाळू मावेल?”

“चिमूटभरसुद्धा नाही!”

तिनं तांब्याभर पाणी ओतलं. कुंडीनं ते गटागटा पिऊन टाकलं! थेंबभरही बाहेर सांडलं नाही.

“मग एवढं पाणी कुठं बसलं, महाराज?”

राहीनं गोळा काढला, पाणी खाली वाहून गेलं. “आता त्या जागेत हवा शिरली. मुळं तिथंच श्वास घेतात.”

मग तिनं राजानं स्वतः ठासलेली कुंडी पुढं ओढली आणि तीतही तांब्या रिता केला. सगळं पाणी काठावरून थेट राजाच्या जरीच्या मोजड्यांत!

“इथं पाण्यालाच जागा नाही, महाराज. मुळांनी काय करायचं?”

राजानं ओल्या मोजड्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे, आणि पोट धरधरून हसत सुटला. “म्हणजे रोपांचा गळा मीच दाबत होतो की!” त्यानं हातातलं सोन्याचं कडं राहीला दिलं आणि रघूजीला सगळ्या बागांचा मुख्य माळी केलं.

त्या दुपारी आचारी आग्रहानं सातवी पुरणपोळी वाढायला आला, तेव्हा राजानं ताटावर हात आडवा धरला.

“बस! थोडी हवेला जागा राहू दे!”