खुराक

“म्हणजे बदाम नसतील तर जोर मारायचे नाहीत, असं कुणी सांगितलं तुला?”

रंगराव वस्ताद तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर बसून बोलत होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. कान कुस्त्यांनी चुरगळलेले, मान अजून ताठ. सकाळची मेहनत आटोपून पैलवान विहिरीवर अंघोळीला गेले होते.

समोर निशिकांत उभा होता. पतसंस्थेत कारकून, तरणाताठा, पण शर्टाची बटणं पोटावर ताणलेली.

“सगळेच सांगतात, वस्ताद. खुराक नसताना मेहनत केली तर अंग झिजतं. मी वाचलंय. कशात किती प्रथिनं, सगळं पाठ आहे माझं.”

“पाठ आहे. मग?”

“मग दूध, बदाम, तूप, अंडी... आबांच्या औषधांतून काही उरत नाही. पगार वाढला की खुराक लावतो आणि दुसऱ्या दिवशी तालमीत येतो. शब्द देतो तुम्हाला.”

“दिवाळीतही दिला होतास.”

निशिकांतने शर्ट खाली ओढला.

“आबा कसे आहेत?”

“तसेच. डावी बाजू हलत नाही. मी भरवतो.” तो थांबला. “झटका आला तेव्हा केस काळे होते त्यांचे... परवा डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. म्हणाले, तू वडिलांच्याच वाटेवर आहेस. आत्ताच आवर.”

वस्तादांनी त्याच्या ताणलेल्या बटणांकडे पाहिलं.

“मी पडलो तर आम्हा दोघांना भरवायला आई एकटी आहे, वस्ताद.”



“सकाळी काय खाल्लंस?”

“चहा, बिस्किटं. येताना एक वडापाव.”

“आणि घरात काय होतं?”

“नेहमीचंच. भाकरी, मटकीची उसळ, ताक. त्यात काय असतं?”

वस्ताद हसले. सगळे दात शाबूत होते. “मटकीला घाबरणारा पैलवान पहिल्यांदाच बघतोय. अरे, मी शेंगदाणे आणि मोड आलेल्या मटकीवर कुस्त्या मारल्या. बदाम बघितला तो बक्षिसाच्या पुडीत. खावा की विकावा, तेच कळेना.”

“तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या मातीतच होतं ते.”

“मातीत?”

वस्ताद उठले. “उतर हौद्यात.”

“मी? आत्ता? ऑफिसला...”

“उतर रं.”

निशिकांतने बूट काढले, पँट दुमडली आणि मधोमध जाऊन उभा राहिला. लाल माती घोट्यापर्यंत वर आली. मऊ, गार. हळदीचा आणि आंबूस वास येत होता.

“लोण्यासारखी आहे, वस्ताद.”

“ताक पाजतो तिला. तेल, हळद, लिंबूही. आता तिकडं भिंतीकडच्या कोपऱ्यात जा. तिथं कुणी लढत नाही.”

तो गेला. टाच खाडकन आपटली. त्याने अंगठ्याने उकरून पाहिलं. मग खाली बसून नखाने. नख तुटलं.

“ही दगड झालीय. वेगळी माती आहे का?”

“एकाच गाडीतून आली.”

“मग हिला ताक मिळत नसेल.”

“ताकाची घागर मी तिथंच ठेवतो, पोरा. सांडलेलं सगळं तिलाच.”

निशिकांत बसल्या जागी त्या मातीकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पोटाकडे...

भिंतीला खोरं टेकवलेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते उचललं आणि जोरात घातलं. ठण्ण. खोरं उडालं, हाताला झिणझिण्या आल्या.

विहिरीवरून परतलेला एक पैलवान ओल्या अंगाने दारात थबकला. “कारकून, नारळ फोडताय काय?”

निशिकांतने वर पाहिलं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा. शर्ट पाठीला चिकटला, श्वास लागला, तोंड लाल झालं. अखेर मुठीएवढं एक ढेकूळ सुटलं. त्याने ते हातात घेतलं, चुरडलं. बोटांमधून लाल भुकटी गळू लागली.

“वस्ताद,” धापा टाकत तो म्हणाला, “घरी मटकी भिजत घालायला सांगतो. उद्या उजाडताच येतो. पण... ही मधल्या मातीसारखी व्हायला किती दिवस लागतील?”

वस्तादांनी दुसरं खोरं उचललं. सावकाश चालत हौद्याच्या मधोमध गेले, कंबरेत वाकले आणि ती लोण्यासारखी माती उकरायला लागले.

“ही तरी कुठं झालीय अजून...”