शेंगेच्या टरफलातलं ताट

आंबेघळ गावात डिसेंबरचं ऊन इतकं गोड असतं, की मुंग्या त्याचे कण डोक्यावर घेऊन वारुळात नेतात. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

त्या गावात आठ वर्षांची एलू आणि तिची आई राहायच्या. आई कपडे शिवायची. पण तापात तिचा उजवा हात लुळा पडला आणि शिवणयंत्र मुकं झालं. दर नाताळला आई दाण्यांची चॉकलेट वडी करून आळीत ताटं पाठवायची. यंदा ती म्हणाली, "राहू दे गं बाळा. वडी घोटायला हात लागतो."

"माझे दोन आहेत की!" एलू म्हणाली, आणि परसातल्या पेरूखाली शेंगा सोलायला बसली.

एक शेंग तिने हळूच उघडली, तर आत दाणे नव्हतेच! आत झोपली होती एक इवलीशी परी. अंगात दाण्याच्या सालीचा गुलाबी झगा, कोकोच्या रंगाचे पंख, पंखांवर सोनेरी टिकल्या.

"दार वाजवायची पद्धत नाही का तुमच्याकडे?" परी डोळे चोळत म्हणाली.

"चुकलं, परीताई. मला वाटलं, दाणे आहेत."

"सगळ्यांना तसंच वाटतं! चारदा भाजता भाजता वाचलेय. तू हळूच उघडलंस, म्हणून एक इच्छा तुझी. पण वडी घोटता घोटताच मागायची. गोळा कडा सोडायच्या आत हात थांबला, तर इच्छा गेली."

काय मागायचं, ते एलूला विचार न करताच ठाऊक होतं.

तिने दाणे भाजले, खलबत्त्यात कुटले. आधी कूट झालं, मग तेल सुटून मऊमऊ लोणी झालं. कढईत दूध-साखर आटली, त्यात ते लोणी पडलं. कोकोचा डबा मात्र रिकामा! परीने पंख झटकले आणि कढईत तपकिरी, चमचमता पाऊस पडला. प्रत्येक बुडबुड्यात एकेक चिमुकलं इंद्रधनुष्य! वास असा सुटला, की झाडावरचे पेरू खाली वाकले आणि कावळा चोच उघडून ओरडायचंच विसरला.

"माझ्या आईचा हात बरा होऊ दे," एलू कुजबुजली आणि घोटत राहिली. गोळा आता कडा सोडणार, एवढ्यात काठावर बसलेली परी वास घ्यायला वाकली. डुबुक!

एलूने कालथा टाकला, चमच्याने परीला उचललं, वाटीतल्या कोमट पाण्यात धुतलं. तोवर वडी बुडाला लागली. इंद्रधनुष्यं विझली.

"अगं, हात थांबवलास!" परी रडवेली झाली. "इच्छा गेली. नियम माझ्याहून मोठा आहे गं."

एलूचे डोळे भरून आले. तरी तिने विचारलं, "तुमचे पंख भाजले नाहीत ना?"

परीने ओले पंख हलवून दाखवले आणि ती पेरूखाली जाऊन बसली.

बुडाला लागलेलं सोडून वरचं काढलं, पण ते पातळच; वडी काही थापली गेली नाही. आई हसून म्हणाली, "चाटण म्हणून दे." एलू घरोघरी ताट घेऊन गेली. शेजारच्या सलोमीकाकू म्हणाल्या, "यंदा वडीला पाय फुटले वाटतं!" पण बोटं चाटत त्यांनी ताटात मूठभर साखर घातली. आंबेघळात ताट रिकामं परत करत नाहीत.

शेवटी एलूने अर्ध्या टरफलात मसुराएवढं चाटण घेतलं, वर पाकळी झाकली आणि पेरूखाली परीपुढे ठेवलं.

परीने ते चाटूनपुसून खाल्लं. मग टरफलाकडे पाहत राहिली. "हे माझं ताट?"

"हो. परत नाही दिलंत तरी चालेल."

"वा गं वा! रिकामं ताट ठेवून घेऊ? इच्छा मला देता येत नाही. पण ताटात काय घालायचं, त्याला कुठला आलाय नियम?"

तिने पंखावरची एक सोनेरी टिकली काढून टरफलात ठेवली. लख्खकन उजेड झाला. पेरूच्या पानापानातली शीर सोन्याची झाली. उजेड ओसरला, तेव्हा परी नव्हती.

एलूने ती टिकली आईच्या तळहातावर ठेवली. ती लोण्यासारखी विरघळली. आधी करंगळी हलली. मग शेजारचं बोट. मग आईने सगळा हात उचलून एलूच्या गालावर ठेवला.

दिवेलागणीला शिवणयंत्र पुन्हा बोलू लागलं. आईने सगळ्यात आधी शिवला एक नखाएवढा रुमाल, पुढच्या नाताळात टरफलाच्या ताटावर झाकायला.

तेव्हापासून आंबेघळात शेंग फोडण्याआधी सगळे तिच्यावर नखाने वाजवतात: टक टक, आत कुणी आहे का?