बांधावरचा भरडा

पाटाच्या कडेला गव्हाचे एक रान होते आणि त्या रानाच्या रुंद बांधात एक मुंगूसआई आपल्या तीन पिल्लांसह राहत होती. मुलांनो, मुंगूस म्हटले की तुम्हाला लगेच साप आठवतो. पण साप काही रोज मिळत नाही. ही आई पिल्लांची पोटे भरत असे ती उंदरांवर. ऊन चढले की ती बांधावर येई, नाक वर करून वास घेई आणि पळत्या उंदराला चार उड्यांत गाठी. शेताचा मालक केरबा खुरपे घेऊन अगदी शेजारून गेला, तरी ती बिळात शिरत नसे. तो तिच्या वाटेला जात नसे आणि ती त्याच्या.

त्या वर्षी गव्हाच्या ओंब्या भरू लागल्या आणि उंदीर एवढे माजले, की एकट्या मुंगूसआईला ते आवरेनात. एका सकाळी केरबाने पाहिले, तर रानाच्या मधोमध गहू कुरतडून आडवा झालेला. त्याचे डोके असे भडकले, की तो न्याहारीलाही थांबला नाही. तडक बाजारात गेला आणि उंदराच्या औषधाची पुडी घेऊन आला. औषध म्हणायचे आपले, होते ते जहर. काळपट रंगाची पूड, लसणासारखा उग्र वास.

त्याची बायको यमुनाबाई बांधावरच उभी होती. ती म्हणाली, "अवं, लगीच औषध नगा टाकू. आदी समदी बिळं चिखलानं लिंपा. उद्या जी उकरल्याली दिसतील, त्यातच उंदीर हाय म्हनायचं. मग दोन दिस नुसता तेल लावल्याला भरडा घाला. त्येची चटक लागली की मग औषधाचा. त्योबी बिळात, काठीनं आत सारून, अन् वरनं चिखल थापायचा."

"म्या उंदरास्नी जेवाय घालू? सोयरं हायत व्हय माझं?" केरबा उसळून म्हणाला.

"त्यास्नी इश्वास बसाय लागतो. अन् मेल्यालं उंदीर येचून खोल पुराय लागत्यात. न्हाईतर भलतंच कोन तरी खाऊन मरंल."

"तंवर गहू ऱ्हाईल का माझा?"

एवढे मात्र खरे, की त्याने नाकाला फडके बांधले आणि भरड्यात ते जहर हाताने न कालवता काठीने कालवले. पण पुढचे सगळे त्याने आपल्या मनाचे केले. कागदाच्या तुकड्यांवर त्या भरड्याचे छोटे छोटे ढीग घालून ते बांधभर उघड्यावर मांडले आणि उद्या रान मोकळे होणार म्हणून तो खुशीत घरी गेला.

ढीग पाहून उंदरांच्या तोंडाला पाणी सुटले. पण त्यांच्यातला एक म्हातारा उंदीर फार संशयी होता. तो म्हणाला, "थांबा रे! काल जो आपल्यावर ढेकळे भिरकावत होता, तो आज तेलातला भरडा का वाढतो?" दोघातिघा हावरटांनी त्याचे ऐकले नाही. त्यांनी भरडा मटकावला आणि थोड्याच वेळात ते तहानेने तडफडत पाटाकडे सरपटू लागले. बाकीच्यांनी ते पाहिले, तो वास नाकात पक्का केला आणि सगळे खोल बिळात जाऊन बसले. त्यांना शिकायला एवढे पुरले.

इकडे मुंगूसआईला सकाळपासून एकही उंदीर दिसला नव्हता. पिल्ले भुकेने कुईकुई करत होती. ती बांधावर आली आणि जागच्या जागी थबकली. भर उन्हात, उघड्या बांधावर, एक गुबगुबीत उंदीर बसला होता. तिने त्याच्यावर झेप घेतली. तो हलला नाही. त्याने तिच्याकडे पाहिले आणि नुसता पाहतच राहिला. असे आजवर कधी झाले नव्हते. त्याच्या तोंडाला लसणासारखा वास येत होता.

तेवढ्यात बाभळीवरून एक आळशी कावळा खाली उतरला. "आयता घास समोर आहे आणि तू विचार कसला करतेस?" तो म्हणाला. "तुला नको, तर मला दे."

"कावळेदादा, थांब," मुंगूसआई म्हणाली. "मला पाहून जो उंदीर पळत नाही, त्याला माझ्याहून वाईट काहीतरी भेटले आहे."

कावळा हसला. त्याने उंदराच्या पोटावर चोच मारली आणि भराभर खाऊ लागला. मुंगूसआई आवंढे गिळत बघत राहिली. तिला स्वतःचाच राग आला. घरी लेकरे उपाशी आणि आपण नसत्या शंका काढत बसलो! कावळा पोटभर खाऊन बाभळीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याची मान कलली. त्याने फांदी धरून ठेवायची खूप धडपड केली, मग तो खाली बांधावर पडला आणि उठला नाही.

बाकीचे झिंगलेले उंदीर कुठे गेले असतील? मुंगूसआई जीव खाऊन बिळाकडे धावली.

बिळाच्या तोंडाशी तिचे थोरले पिल्लू एका उंदराची मान धरून त्याला आत ओढत होते. "आई, बघ! मी पकडला! मी एकट्याने!" ते दातांतूनच ओरडले. दुसरी दोन्ही पिल्ले त्याच्याकडे झेपावत होती.

"सोड! आधी सोड तो!"

पिल्लाने दात आणखी घट्ट रोवले. जन्मातली पहिली शिकार ते कशाला सोडते? ते आपल्या आईवर गुरगुरले. मग मुंगूसआईने ते केले, जे तिने कधीच केले नव्हते. तिने आपल्या पिल्लाच्या कानाचा कडकडून चावा घेतला. ते किंचाळले आणि उंदीर सुटला. तिने तो लांब ओढत नेला, खोल खड्डा उकरून गाडला आणि परत येऊन पिल्लाचे तोंड मातीत घासघास घासले.

"काही गिळलेस का? खरे सांग!"

"नुसता एक घास..." पिल्लू रडत म्हणाले.

मुलांनो, ती दुपार त्या आईने कशी काढली ते तिचे तिलाच ठाऊक. पिल्लू ओकले. मग ते अंग टाकून पडून राहिले. ती त्याच्या पोटावर नजर लावून बसली. पोट वर आले की तिचा श्वास सुटे, खाली गेले की अडके. ऊन उतरले तेव्हा कुठे पिल्लाने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारले, "आई, माझी शिकार तू का गं घेतलीस?"

त्याचा चावलेला कान चाटताना तिला रडू फुटले. "ज्या रानात लेकराच्या तोंडचा घास आईला हिसकावून घ्यावा लागतो, त्या रानात आपण राहायचे नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा आणि यमुनाबाई रानात आले. भरड्याचे ढीग बहुतेक तसेच होते. शेजारी कावळा मरून पडला होता आणि पुढे दोन तितर. यमुनाबाईने हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि खड्डा खणून सगळे पुरू लागली. केरबाने मान वर केली, तर पाटावरच्या फळीवरून मुंगूसआई आपले शेवटचे पिल्लू तोंडात धरून पलीकडे चालली होती.

"अगं ए, थांब की!" तो धावत ओरडला. "ते तुझ्यासाठनं नव्हतं गं बाई!"

तिला माणसाची भाषा कळत नव्हती. तिला एवढेच दिसले, की तोच माणूस आपल्या लेकराकडे धावत येतो आहे. ती जिवाच्या आकांताने पळाली आणि पलीकडच्या उसात दिसेनाशी झाली.

त्यानंतर केरबाने यमुनाबाई सांगेल तसे सगळे केले. बिळे लिंपली, साधा भरडा घातला, वाट पाहिली. पण उंदरांचा विश्वास उडाला होता तो उडालाच. त्या हंगामात एकाही उंदराने भरड्याला तोंड लावले नाही. भर दुपारी ते बांधावर बसून गव्हाच्या ओंब्या सोलत आणि केरबा उसाकडे बघत उभा राही.

तात्पर्य : रागाच्या भरात उघड्यावर मांडलेले विष शत्रूला सावध करते आणि आपल्या राखणदाराचा घात करते.