सोनकीने बासाठी निवडलेली काठी

चांदणी नावाची एक नदी होती. तिच्या काठाला पिवळीधमक वाळू, वाळूच्या कडेला हिरवीगार करंजाची झाडं आणि त्या झाडांच्या सावलीत एक इवलीशी झोपडी. झोपडीत सोनकी नावाची मुलगी आणि तिचा बा, अशी दोघंच राहायची. सोनकी रांगत होती तेव्हाच तिची आई देवाघरी गेली होती.

बाचं नाव हरबा. तो झारेकरी होता. झारेकरी नदीची वाळू लाकडी पाटीत घेतो आणि पाण्यात गोल गोल फिरवून धुतो. माती वाहून जाते, वाळू वाहून जाते आणि पाटीच्या तळाशी कधी एखादं नाणं उरतं, कधी कुणाच्या कानातून निसटलेला सोन्याचा मणी. त्यावरच बापलेकीचं पोट चालायचं. पण गेल्या उन्हाळ्यापासून हरबाच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत गेलं आणि पुढे पुढे तर काहीच दिसेना. पाटी भिंतीला टेकली आणि तिच्या शेजारी हरबाही भिंतीला टेकून बसला.

मग आत्या आली. आत्या वाईट नव्हती हो, पण तिचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती म्हणाली, "हरबा, पोरीच्या पोटात दोन घास जायला नकोत का? उद्या सांजच्याला मी तिला माझ्या गावी नेते."

"ने आक्का," हरबा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "माझं काय, मी पडून राहीन हितं."

सोनकीला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. आपण गेल्यावर बाला घोटभर पाणी कोण देणार? तिने फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं की आपण जायचं नाही. बाला परत नदीवर न्यायचं. कसं न्यायचं हे तिला ठाऊक नव्हतं, पण ठरलं म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वाळू उकरायला बसली. उकरता उकरता तिला काय सापडलं असेल? एक चिमुकलं चांदीचं पैंजण. करंगळीत जेमतेम मावेल एवढं, आणि त्याला मोहरीएवढी घुंगरं. तेवढ्यात करंजाखाली कुणीतरी मुसमुसल्याचा आवाज आला.

गळून पडलेल्या जांभळट फुलांच्या गादीवर एक वीतभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख अभ्रकाचे होते. ऊन पडलं की ते लखलखत, सावली आली की निळेसावळे होत. तिच्या एका पायात पैंजण होतं, दुसरा पाय मोकळा होता.

"रडताय का परीबाई?" सोनकीने विचारलं.

"मी कशाला रडेन? सर्दी झालीय मला," परी नाक ओढत म्हणाली.

सोनकीने क्षणभर मूठ घट्ट आवळली. त्या पैंजणाच्या बदल्यात घरात ज्वारी आली असती. पण दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. तिने मूठ उघडली आणि परीच्या इवल्याशा पायात पैंजण घालून दिलं. परीची सर्दी तिथल्या तिथे बरी झाली.

"गुणाची गं माझी बाय," ती म्हणाली. "माग काहीतरी. पण स्वतःसाठी मागायचं नाही, असा नियम आहे."

"माझ्या बाला डोळे द्या."

परीने मान खाली घातली. "ते माझ्या हातात असतं तर न मागताच दिले असते. मी वाळूची परी आहे, सोनकी. हरवलेलं शोधून काढायचं, एवढंच मला येतं." तिने पंख झटकले आणि तीन काठ्या वाळूत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या टोकाला एक गोल तबकडी होती. "या धातू हुडकणाऱ्या काठ्या. शहरात यांना मेटल डिटेक्टर असं लांबलचक नाव आहे. यातली एक निवड, पण एकदाच. आणि ऐक, दिवस मावळायच्या आत तुझ्या बाला त्या काठीने काही सापडलं नाही, तर तिची वाळू होईल."

पहिली काठी सोन्याची होती. तिच्या मुठीवर लाल, हिरवे, निळे दिवे लुकलुकत होते. खाली लोखंड असलं की लाल दिवा, तांबं असलं की हिरवा, चांदी असली की निळा. दुसरी चांदीची होती, आणि पुरुषभर खोल गाडलेलंही ती ओळखायची. तिसरी बांबूची होती, साधीसुधी, थोडी वाकडीसुद्धा.

सोनकीचा हात सोन्याच्या काठीकडे गेला, कुणाचाही गेला असता. पण ती थबकली. मग तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि डोळ्यांवर करकचून बांधला.

"हे काय नवीन?" परीने विचारलं.

"काठी बाला द्यायचीय. तर बासारखंच बघायला हवं ना?"

सोन्याची काठी हातात घेतली तर ती जड लागली, आणि त्या सुंदर दिव्यांतला एकही दिसेना. चांदीची काठी घेतली तर ती पावलोपावली किंचाळू लागली. मोडका खिळा असो की पत्र्याचा तुकडा, तिला सगळं सारखंच. "बा वैतागेल आणि पहिल्याच दिवशी हिला नदीत फेकेल," सोनकी म्हणाली. बांबूची काठी मात्र पिसासारखी हलकी होती आणि ती हळूच गुणगुणायची. लोखंडावर जाड आवाजात, तांब्यावर मध्यम, चांदीवर बारीक.

"हीच," सोनकी रुमाल सोडत म्हणाली. "पण परीबाई, ही आखूड आहे. बा उंच आहे, त्याची कंबर दुखेल."

"मी परी आहे, सुतार नाही."

"एकच पेर वाढवा. मी इथून हलणार नाही."

परीने कपाळाला हात लावला. मग हसली आणि तिने काठीवर फुंकर घातली. कुरकुर आवाज करत बांबूला एक नवीन हिरवं पेर फुटलं.

सोनकी धावत घरी गेली. हरबाने काठी चाचपली आणि बाजूला ठेवली. "मी हातानं काम करणारा गडी. आता हे काय नवं शिकू?"

"बा, मला पाटी धरायला तू किती वेळा शिकवलंस? मी दर वेळी सांडायचे. तू रागावला नाहीस. आता मी शिकवते, तू शिक."

हरबाने काठी परत उचलली. सोनकीने त्याचा हात धरला आणि कुठला आवाज कुठल्या धातूचा ते सांगत त्याला वाळूवर आणलं. पण हरबा पडला झारेकरी. सगळा जन्म पाटी गोल गोल फिरवण्यात गेलेला, त्याने काठीही तशीच गरागरा फिरवली. काठी मुकी झाली. त्याने आणखी जोरात फिरवली, तरी ती मुकीच. ऊन कलंडलं, डोंगराची सावली पाण्यात उतरली आणि दूर वाटेवर आत्या दिसू लागली. तिच्या काखेत सोनकीच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

"जाऊ दे पोरी," हरबा थकून म्हणाला.

"न्हाई जाऊ देणार," सोनकी म्हणाली. तिने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. "पाटी इसर बा. आपण अंगण सारवतो ना, तसं कर. हळू, जमिनीला धरून, ह्या बाजूनं त्या बाजूला."

हरबाने श्वास घेतला आणि काठी हळूहळू नेली. ती जाड आवाजात गुणगुणली. "लोखंड," हरबा पुटपुटला आणि पुढे सरकला. काठी पुन्हा गुणगुणली, या खेपेला बारीक, गोड, आधी कधी न ऐकलेल्या आवाजात. हरबा एकदम थांबला. गुडघे टेकून त्याने वाळू उकरली, काहीतरी चिमटीत धरलं, दोन बोटांत फिरवलं आणि दगडावर टाकलं. इतकी वर्षं असे आवाज ऐकलेले कान होते ते.

"सोनं," तो म्हणाला.

आत्या येऊन उभी राहिली होती. हरबा तिच्या पावलांच्या रोखाने वळला. "आक्का, गाठोडं सोड. माझी पोर कुठं जायची न्हाई."

आत्या पिवळ्या मण्याकडे बघत राहिली, मग भावाच्या तोंडाकडे. "बरं झालं बाबा," ती म्हणाली आणि वाळूतच बसून गाठ सोडू लागली. तिला सोनकीला न्यायची हौस थोडीच होती.

तेवढ्यात करंजाखाली उजेड झाला. आधी काजव्याएवढा, मग दिवाळीच्या पणतीएवढा, मग सगळी नदी सोनेरी होईल एवढा. त्या उजेडात अभ्रकाचे पंख एकदा चमकले.

"बा, जिनं काठी दिली ती चाललीय."

हरबाने लगबगीने हात जोडले, पण तोंड भलत्याच दिशेला. सोनकीने त्याचे खांदे धरले आणि त्याला हळूच उजेडाकडे वळवलं. तो विझेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

त्या रात्री आत्याही थांबली आणि हरबाच्या झोपडीत तीन ताटं वाढली गेली. तुमच्याही घरी एक ताट जास्तीचं वाढलं जावो.