बकुळा रंगारणीचं कानातलं नाव

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही, बाजारला जाताना कनवटीला नाणं खोचायची रीत नव्हती. बाळाच्या बारशाला आत्या दोन नावं ठेवी. एक पाळण्याशी मोठ्यानं, चारचौघांसाठी. दुसरं कानात, कुर्रर्र करून, फक्त बाळासाठी. मोठेपणी माणूस दुकानी जाई, तागडीशी वाकून ते कानातलं नाव हळूच सांगे. नाव खरं असलं की रिकामं पारडं आपोआप खाली बसे. मग हवा तो माल उचलावा आणि पाडव्याच्या आत त्याचं देणं फेडावं. काय ते दिवस होते! दाराला कडी नव्हती, की मनात शंका नव्हती.

एक शाप मात्र होता. कुण्या जुन्या राजानं रागाच्या भरात उच्चारलेला, पुढे कुणालाच मागे घेता आला नाही. ज्याच्या नावावरचं देणं पाडव्याला राहील, त्याचा चेहरा लोक विसरतील. आधी दुकानदार, मग शेजारी, शेवटी रक्ताची माणसं. पण देणं राहतंय कुणाचं? शाप आपला धूळ खात पडला होता.

त्या राज्यात बकुळा नावाची रंगारीण राही. आईबाप गेलेले, वाढवलं चिमाआत्यानं. आता तिचेही केस पांढरे झाले होते. बकुळाचे हात कोपरापर्यंत निळे, कितीही घासा, रंग जायचा नाही. फाल्गुनातल्या एका दुपारी ती रांजणात लुगडी बुचकळत होती. दारात लाल पागोटं बांधलेला, चांदीची काठी घेतलेला चोपदार उभा राहिला.

"बाई, राजदप्तराला वाळवी लागली. दिवस मावळायच्या आत कानातलं नाव सांगा, नाहीतर तुमचं नाव पुसलं जाईल."

आता बघा, लुगडं रांजणात जास्त राहिलं तर डाग धरतं. बकुळाचा जीव त्या लुगड्यात. शिवाय राजाचा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? वेडी कुठली, ओल्या हातानं पदर सावरला आणि सांगून मोकळी झाली. चोपदारानं वर गुळाचा खडा दिला. तिनं तो खाल्लाही.

पाडवा उलटला. बकुळा धोंडशेटच्या दुकानी नीळ आणायला गेली, तागडीशी वाकली, नाव सांगितलं. पारडं खाली बसेना. उलट ताडकन उडालं आणि आढ्याला आपटलं.

"या नावावर सात गावांतून चाळीस घोडे, नऊ गाड्या केशर आणि एक हत्ती उचलला आहे," शेट म्हणाले. "फेड शून्य."

"हत्ती? अहो, माझ्या अंगणात शेळी मावत नाही!"

"तागडी खोटं बोलत नाही. आणि बाई, आपण कोण?"

वीस वर्षं तिला नीळ देणारा माणूस हे विचारत होता. बकुळा घराकडे धावली, तर शेजारणीनं परकी समजून दार लावून घेतलं. ती आत्याकडे गेली. आत्या ओसरीवर वाल सोलत होती.

"आत्या, मी बकुळा."

आत्यानं डोळे बारीक केले. "माझी बकुळा यायचीय ग अजून. तू कोण? बस हवी तर, पाणी पी."

पाणी पिताना बकुळाला रडू आवरेना. अंगणातल्या शेवग्यावर एक साळुंकी बसली होती. ती बोलली.

"रडून झालं असेल तर ऐक. तो चोपदार नव्हता, मायाजी मांत्रिक होता. चोरलेली नावं तो मडक्यांत कोंडतो. मी त्याच्याच पिंजऱ्यातून सुटले. अमावास्येच्या आत तीन कामं कर, नाहीतर आत्याचा विसर कायमचा."

"सांग."

"पहिलं, वेशीवरचा नगारा वाजव. म्हण, माझं नाव चोरीला गेलं, त्यावर कुणालाही काही देऊ नका."

"मलाही?"

"तुलाही."

बकुळानं नगारा वाजवला. राज्यातल्या सगळ्या तागड्या तिच्या नावाला मिटल्या. घरी नीळ नाही, रांजण आंबले, बारा लुगडी वाया गेली. तिनं दात आवळले आणि सोसलं.

दुसरं काम, सातही गावांच्या दुकानदारांची साक्ष आणायची. ते चेहरा विसरले होते, पण माल हातावर ठेवणारी माणसं हात विसरत नाहीत. बकुळानं निळे हात पुढे केले. प्रत्येकानं मान हलवली. "हे नव्हेत. घेणाऱ्याचे हात पांढरे होते, दहा बोटांत दहा अंगठ्या." सात जणांनी साक्षीच्या सात मुद्रा दिल्या. चालून चालून तिच्या पायांची सालटी निघाली.

मग साळुंकीनं तिसरं काम सांगितलं. "मायाजीची टेकडी चढ. तो तुला कानातल्या नावानं तीनदा हाक मारील. वळलीस तर तूही मडक्यात. नाही वळलीस तर मडकी फुटतील, बाकीची नावं घरी जातील. पण ज्या नावाला तू ओ दिली नाहीस ते तुझं नाव मरेल."

"बारशाचं नाव ते," बकुळा म्हणाली. पण निघाली.

पहिली हाक बापाच्या आवाजात आली. पाय अडखळले, ती चालत राहिली. दुसरी आईच्या आवाजात. ती हुंदके देत चालत राहिली. तिसरी चिमाआत्याच्या आवाजात, अशी मायेची की मान अर्धी वळलीच. तेवढ्यात तिला उमगलं. आत्यानं ते नाव उभ्या जन्मात एकदाच घेतलं होतं, तेही कानात. मोठ्यानं ओरडणारी ही आत्या नव्हे!

ती वळली नाही. माथ्यावरची मडकी तडातड फुटली, नावं पाखरांसारखी घरोघर गेली. मायाजी स्वतःचंच नाव विसरला आणि "मी कोण, मी कोण" करत रानात निघून गेला.

राजानं सात मुद्रा पाहिल्या, देणं मायाजीच्या माथी मारलं, घोडे, केशर, हत्ती ज्याचे त्याला दिले. खोटं देणं पुसलं तसा शापही विरला. राजानं दवंडी पिटवली. तागडीनं नाव ऐकावं, शेटनं हात पाहावेत. आणि राजाचा माणूस कानातलं नाव कधीही विचारणार नाही. विचारील तो राजाचा नव्हे. चांगलं झालं. तरी त्या दिवसापासून घरांना कड्या लागल्या त्या लागल्याच.

बकुळा आत्याकडे गेली, तेव्हा आत्या वालच सोलत होती.

"आलीस होय ग बकुळे? किती उशीर!"

बकुळानं आत्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. "आत्या, तू दिलेलं नाव गेलं ग."

"तुझ्याकडचं गेलं. माझ्याकडे आहे की. राहू दे माझ्यापाशी," आत्या म्हणाली. "कान कर इकडे."

पांढरे केस झालेल्या बकुळानं कान पुढे केला. आत्यानं कुर्रर्र केलं आणि नवं नाव सांगितलं. बकुळाला गुदगुल्या झाल्या, ती पाळण्यात हसली होती तशीच हसली. नाव काय ठेवलं, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.